पट्टा आणि पारडं

माझ्या मोठ्या जाऊबाईंइतकी जागा व्यापणारं माणूस वऱ्हाडात दुसरं झालं नाही, आणि हे मी केवळ त्यांच्या देहाबद्दल म्हणत नाही. त्या अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे यायच्या तेव्हा फाटकातून आधी त्यांचा आवाज यायचा, मग पोट, मग त्या, आणि शेवटी पिशव्या. त्या बसल्या की दिवाणखाना लहान व्हायचा. त्या हसल्या की शेजारच्या घरातले लोक कारण न विचारता हसू लागायचे. त्या परत गेल्या की कुणीतरी सामान हलवून ठेवल्यासारखं घर मोकळं आणि चुकीचं वाटायचं. मीही त्याच घरात राहत होते, रोज. पण मी माहेरी गेले तर ते घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागायचा, आणि यायचं तेही इस्त्रीचे कपडे सापडेनासे झाले म्हणून. मला त्यांचा हेवा वाटायचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वाटायचा, आणि त्या जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटायचा थांबलेला नाही. इंग्रजी मला शिकावं लागलं, हेवा नाही.

परवा अमेरिकेहून फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात, तुमच्या आईच्या ऑफिसातल्या एका बाईंनी वजन कमी करायला पोटाच्या आत जठराला पट्टा बसवून घेतला, तो म्हणे सरकला, वजन होतं तिथे परत आलं, आणि आता दुसरं, आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करायचं आहे. आणि विचारलंत, आजी, तुमच्या काळी असलं काही होतं का. होतं. फक्त आमच्याकडे पट्टा बाहेरून बांधत. बाकीचं सगळं, म्हणजे पट्टा फसणं, वजन परत येणं आणि शेवटी सर्जनची सुरी, आमच्या घरात साठ सालाच्या आगेमागे होऊन गेलं. ते सांगायचं तर जाऊबाई सांगाव्या लागतात.

आधी घर समजून घ्या. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, अकोल्याला कापसाची जिनिंग सांभाळत. सरकी वेगळी काढून रुई करायची ती गिरणी. आम्ही तिला नुसतं 'जिन' म्हणायचो. तुमचे आजोबा अमरावतीला वकिली करत आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. जाऊबाईंनी माझं नाव तेवढ्यावरून 'मास्तरीन' ठेवलं. त्यांच्या तोंडी ते कौतुकही होतं आणि चिमटाही, आणि दोन्हीतलं कोणतं हे त्या मला शेवटपर्यंत कळू देत नसत. मी नीटनेटकी होते. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असत आणि साडीला पिन. जाऊबाईंच्या डब्यांत काय आहे हे डबा उघडल्यावर त्यांनाही नव्यानं कळे, आणि त्याचा त्यांना आनंद होई. "अवं, ह्यात तं तीळ निघाले," असं म्हणून त्या लगेच तिळाचं काहीतरी करायला घेत. डाळ शोधायला गेलेली बाई तिळाच्या पोळ्या करून मोकळी होई, आणि जेवणारे बोटं चाटत म्हणत, असं आधी कधी खाल्लं नव्हतं. माझा स्वयंपाक वेळेवर आणि प्रमाणात होत असे. तो खाऊन आजवर कुणी बोटं चाटली नाहीत. लोक हात धूत.

अकोल्याहून यायचं तर त्या बडनेऱ्याला गाडीतून उतरत, आणि मी मुलांना घेऊन त्यांना आणायला जात असे. स्टेशनाबाहेरचे टांगेवाले त्यांना ओळखत. त्या मागच्या बाजूला बसल्या की टांग्याच्या दांड्या वर उचलल्या जात आणि घोडा चवड्यांवर येई. म्हणून टांगेवाला आधी आम्हा सगळ्यांना पुढे बसवी, पिशव्या पायाशी ठेवी, आणि मग म्हणे, "हं, आता माय, तुमी या." सबंध टांगा एका बाईभोवती जमवून बसवायचा हा सोहळा मी कितीदा पाहिला असेन. एकदा मी शिस्तीनं विचारलं, मी मागे बसू की पुढे. टांगेवाल्यानं मला खालून वर एकदा पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "बाई, तुमी कुठंबी बसा. फरक पडत नाई." घोडासुद्धा त्यांच्यासाठी सावध उभा राही. माझ्यासाठी तो शेपटीनं माश्या वारी.

आणि मांडी. त्यांच्या मांडीचं काय सांगू. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन शेंदूरजनाघाटाकडे संत्र्यांच्या बागांत नांदायला गेल्या होत्या, त्यामुळे मांडी रिकामी होती, आणि तुमचे बाबा लहानपणी तीत राहत. बसत नसत, राहत. पुस्तक घेऊन जात, तिथेच खात, तिथेच झोपत. त्यांना ते 'मोठीआई' म्हणत. आमच्याकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण एकीला आई आणि दुसरीला मोठी आई, हे रोज ऐकणाऱ्या बाईला विचारा. मी त्यांना मांडीवर घेतलं की ते थोड्या वेळानं चुळबुळ करत आणि म्हणत, "आई, तुझी हाडं लागतात."

बाबा चार वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला. तेव्हा नवी औषधं नुकतीच आमच्याकडे मिळू लागली होती, डॉक्टर चांगले होते, आणि मी भिंतीवर कागद लावून तापाचा आलेख काढत होते. निरोप गेला तशा जाऊबाई अकोल्याहून आल्या, बिछान्याशी मांडी घालून बसल्या, पोराचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ताप उतरेपर्यंत जवळपास उठल्याच नाहीत. मी औषधं वेळेवर देत होते, पाणी उकळत होते, चादरी बदलत होते. बाबा शुद्धीवर आले तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग मान वर केली आणि म्हणाले, "मोठीआई." ते औषधानं बरे झाले. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

आता पट्टा. त्यानंतर काही वर्षांनी जाऊबाईंचे गुडघे बोलू लागले आणि जिना चढताना धाप लागू लागली. भाऊजींचा बायकोवर फार जीव. त्यांनी कुठल्याशा मासिकातली जाहिरात पाहून मुंबईहून टपालानं एक पट्टा मागवला. खाकी कॅनव्हासचा, हातभर रुंद, आत पोलादी पट्ट्या, पुढे दोन पितळी बकलं. जाहिरातीत एक गोरी बाई तो घालून बारीक कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यामागची कल्पना अशी की पोट बाहेरून आवळून ठेवलं की त्याला थोड्यातच भरल्यासारखं वाटतं, माणूस कमी खातं, आणि दर महिन्याला एकेक भोक पुढे सरकत जाऊन शेवटी त्या गोऱ्या बाईसारखं दिसू लागतं. तुमच्या त्या आतल्या पट्ट्याचंही तर्कशास्त्र हेच आहे ना?

जाऊबाईंनी पट्टा घातला, आणि पहिल्या दिवशी सगळ्या गल्लीला दाखवून आल्या. पण त्यांनी त्याचा संसार करून टाकला. पट्टा आणि लुगडं यांच्या मधल्या फटीत किल्ल्या, सुपारीचा अडकित्ता, चिल्लीपिल्ली आली तर त्यांच्यासाठी रेवड्या. बाबा त्या पट्ट्यात कोपरापर्यंत हात घालून खाऊ शोधत. त्या जेवायच्या आधी पट्टा सोडून खुंटीला अडकवत. मी म्हटलं, जाऊबाई, तो जेवताना घालायचा असतो. तर म्हणाल्या, "बांधून जेवली तं जेवन कुठं जाईन? बिचाऱ्याले आत जागा नको?" जेवून झाल्यावर त्या तो पुन्हा बांधत, दात-ओठ खात, भाऊजी एका टोकाला आणि गडीमाणूस दुसऱ्या टोकाला. भोकं पुढे सरकायच्या ऐवजी मागे सरकली. भोकं संपली तेव्हा त्यांनी जिनासमोर बैलांचे साज शिवणारा मोची होता, त्याच्याकडून पट्ट्यात चामड्याचा तुकडा जोडून घेतला. पुढच्या वर्षी आणखी एक. सगळे हसत, त्याही हसत. मला मात्र एक गोष्ट खटके. त्या खादाड नव्हत्या. वाढण्यात त्यांचा जीव, खाण्यात तेवढा नाही. मग एवढी धडपड कशासाठी चालली होती, वजन उतरवायची की टिकवायची?

मग एके दिवशी तेलाचा डबा उचलताना त्यांच्या बेंबीपाशी काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तिथे लिंबाएवढा फुगवटा आला. भाऊजींनी त्यांना नागपूरला विलायतेहून शिकून आलेल्या सर्जनकडे नेलं, आणि इंग्रजी बोलायला म्हणून मला सोबत घेतलं. सर्जन मराठी उत्तम बोलत होते, त्यामुळे माझी गरज पडली नाही. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बैलाच्या चामड्याचे तुकडे मोजले, आणि म्हणाले, "या पट्ट्यानं पोट आत गेलं नाही, आतडं बाहेर आलं." हर्निया होता तो. ऑपरेशन करून पोटाची भिंत शिवावी लागेल, आणि लोंबणारी चरबी कापून काढावी लागेल, नाहीतर टाके धरणार नाहीत. "पण आधी निदान थोडं तरी वजन उतरवून या. आत्ताच्या देहाला भूल सोसायची नाही. आणि फार लांबवू नका. एखाद्या दिवशी आतडं त्या भोकात अडकलं, तर मला बोलावून उपयोग होणार नाही."

जाऊबाईंनी लुगडं सारखं केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी उतरत नाई."

त्यांनी उपास करावेत म्हणून भाऊजींनी हात जोडले, मुलींनी शेंदूरजनाघाटाहून येऊन रडून पाहिलं. जाऊबाई सगळ्यांना जेवू घालत आणि स्वतःही जेवत. शेवटी समजूत काढायला मला सुट्टीत अकोल्याला पाठवलं. मी गेले, आणि पहिल्याच दुपारी त्यांना मोच्याकडून तिसरा तुकडा जोडून आलेल्या पट्ट्याची घडी घालताना पाहिलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

"जाऊबाई, पट्टा घट्ट करायचा असतो," मी म्हटलं, "लांब नाही."

"मले माहीत हाये."

"मग हे काय?"

"मले उतराचंच नाई वं. आत्ता नाई."

"पण का? जीव नकोसा झालाय का?"

"काहून का," त्या म्हणाल्या. "तुह्या पोराच्या पायी."

मग त्यांनी सांगितलं. बाबांना विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी कौंडण्यपूरच्या देवीला नवस बोलला होता. नवस आमच्याकडे ठरलेला असतो. लेकराच्या भारंभार गूळ, म्हणजे लेकराला तराजूत बसवायचं, त्याच्या वजनाइतका गूळ दुसऱ्या पारड्यात घालायचा आणि वाटायचा. पण जाऊबाईंना तो कमी वाटला. "पोरगं तवा सुकल्या मेथीच्या जुडीएवढं झालं होतं. तेवढ्याशा गुळात देवी काय म्हनन? म्हनून म्या माह्या भारंभार बोलली. जशी हाये तशी, आख्खी." वर त्यांनी देवीला असंही सांगून ठेवलं होतं की फेडताना चिमूटभरही कमी करणार नाही. मग नवस फेडायला त्या जत्रेला गेल्या, दोनदा गेल्या, तर तिथल्या तराजूवाल्यानं हात जोडले. "म्हने, माय, ही लेकरांची तागडी हाये. तुटली तं बाकीच्या लेकरायनं काय करावं? आता त्याचंबी बरोबरच हाये." तेव्हापासून त्या वाट पाहत होत्या, आणि तोवर देहाची राखण करत होत्या. नवऱ्याचा मान म्हणून पट्टा बांधायचा, आणि देवीचा मान म्हणून तो लांबवायचा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हसली असती."

"मी हसले नसते."

"मंग इंग्रजीत हसली असती."

मी त्यांना समजावलं की जिनात कापूस मोजायचा मोठा काटा आहे, त्यावर आज वजन करून ठेवू, उद्यापासून जेवण कमी करा, आणि तेवढा गूळ सवडीनं देवीला पाठवू. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "देवी काय जिनातली मुकादम हाये? तिनं पाह्यलं पाह्यजे. उतरून गेली मी, तं तिले अर्धीच देऊ काय?"

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी लिहिणार नाही. मी नेहमी वेळेवर झोपते. पण झोपण्याआधी मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. माझ्या मुलाचा नवस दुसऱ्या बाईच्या अंगावर चरबी होऊन साचला होता, आणि ती बाई तो अंगावर घेऊन मरायला तयार होती. जगातल्या कुठल्याही आईला हे चालणार नाही. मरणार त्या, आणि जन्मभर मुलगा म्हणणार, मोठीआईनं माझ्यासाठी जीव दिला. त्यापुढे मी इस्त्री केलेले कपडे घेऊन कुठे उभी राहणार होते? सकाळी मी भाऊजींना सांगितलं, की जाऊबाई काट्याकडे येत नसतील, तर काटा देवीकडे न्यावा लागेल.

अश्विन महिना होता, नवा कापूस यायला अवकाश होता, जिनातला काटा रिकामा टांगलेला होता. कापसाचे बोजे तोलायचा तो लोखंडी दांडीचा काटा, साखळ्या, दोन रुंद फळ्या, वर टांगायला तीन लाकडी बल्ल्या, सगळं जिनाच्या ट्रकमध्ये चढलं. गुळाच्या भेली भाऊजींनी स्वतः अंदाजानं घेतल्या. अमरावतीला थांबून आम्ही बाबांना घेतलं. ते तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील. जाऊबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, आणि मी मागे, गुळाशेजारी.

कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठावर, देवळाच्या खाली, बल्ल्यांची तिकाटी उभी राहिली आणि काटा टांगला गेला. जत्रा नव्हती, पण पाहायला गाव जमलं. देवळातल्या गुरुजींनी दोन्ही फळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि बजावलं, की एकदा बसलं की पारडी समान होईपर्यंत उतरायचं नाही, उतरलं की नवस मोडला. जाऊबाई नव्या हिरव्या लुगड्यात, पट्टा न बांधता, फळीवर मांडी घालून बसल्या. फळी जमिनीला टेकली. दुसऱ्या बाजूला भेली चढू लागल्या. भेलींवर भेली, त्यांचा डोंगर झाला, आणि तो डोंगर हवेत तसाच वर राहिला. मग गूळ संपला. जाऊबाईंची फळी जमिनीवरून हलली नव्हती.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, बायकोले लयच हलकी समजत होते वाट्टे." सगळे हसले. भाऊजी मान खाली घालून उभे राहिले. इतकी वर्षं संसार करून त्यांना बायको एवढी हलकी वाटत होती. तुमच्या आजोबांनी माझं वजन विचारलं असतं तर छटाकासकट बरोबर सांगितलं असतं.

गावातल्या दुकानात होता नव्हता तो गूळ आला. तो म्हणजे दोन भेली. काही झालं नाही. एक म्हातारी म्हणाली, हे देवीचं माहेर आहे, इथे तुळशीचं पान ठेवा. पुराणात तशी गोष्ट आहे. सोन्यानाण्यानं न हललेलं पारडं तुळशीच्या एका पानानं हललं. त्या गोष्टीत एक मत्सरी बायकोही आहे, ती कोण ते बाबांना विचारा. बाबांनी देवळातून तुळशीचं पान आणून गुळावर ठेवलं. पान वाऱ्यानं उडालं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की जाऊबाई बोलत नाहीत. त्यांचा एक हात बेंबीवर होता, ओठ दाबलेले होते आणि कपाळावर घाम होता. मांडी घालून इतका वेळ बसल्यानं आतडं त्या भोकात दाबलं जात होतं. भाऊजींनाही ते दिसलं. ते खाली बसून म्हणाले, "उतर वं. पुन्हा येऊ. ट्रकभर गूळ आनू."

"उतरली तं मोडला."

"मोडू दे."

"पोराचा हाये. माहा असता तं मोडू देल्ला असता." मग त्यांनी मान वळवून मला शोधलं. "मास्तरीन. तू बस तिकडं."

"मी? मी काय गूळ आहे?"

"नाई. पन आता गुळानं भागत नाई."

मी त्या दिवशी पांढरी, कांजी केलेली साडी नेसले होते. भाऊजींनी पाठ वाकवली, तिच्यावर पाय ठेवून मी त्या ढिगाऱ्यावर चढले. उन्हानं गूळ पाझरू लागला होता आणि त्यात मुंगळे होते. मी बसले, साडी चिकटली, आणि काट्याची दांडी कण्हली. समोर जाऊबाईंची फळी जमिनीपासून बोटभर सुटली. मग वीतभर. मग ती इतकी हळू वर येत गेली की आधी मला त्यांचा अंबाडा दिसला, मग कपाळ, मग डोळे, आणि दांडी आडवी होऊन थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे बसल्यानं फरक पडला होता, आणि तो त्यांच्यासमोर.

आम्ही दोघी हवेत समोरासमोर होतो. त्यांनी पोटावरचा हात काढला नव्हता. मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "पोरगं तुहंच हाये वं. म्या नुसतं वजन देल्लं."

मी हसले नाही. इंग्रजीतही नाही.

पण खाली कसं उतरायचं? एक उतरली की दुसरी आपटणार. माणसं त्यांच्याकडे धावली. तेव्हा त्या बाबांवर ओरडल्या, "इकडं काय येतं? जा, आईले धर. ती पडन." बाबांनी येऊन माझी फळी दोन्ही हातांनी धरली. माझा मुलगा माझ्याकडे आला, पण त्यांनी सांगितलं म्हणून. गुरुजी गंमतीनं म्हणाले, की गुळाच्या पारड्यात बसलेलं सगळं देवीचं, आता या बाईंना सोडवायचं तर त्यांच्या भारंभार गूळ द्यावा लागेल. जाऊबाईंनी तोही दिला, आमच्या शाळेत वाटला. तो एका पोत्यात मावला आणि वर जागा राहिली.

कौंडण्यपूरहून परतल्या त्या दिवसापासून त्यांनी जेवण अर्ध्या भाकरीवर आणि ताकावर आणलं, इतक्या सहज की आम्ही चकित झालो. हिवाळा संपता संपता नागपूरला ऑपरेशन झालं. फार वेळ लागला. मी आणि भाऊजी बाहेर बाकावर बसलो होतो, आणि मी मनातल्या मनात देवीला एवढंच म्हणत होते, की सगळं मोजून घेतलंयस ना, मग आता हिशेब मिटला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्जनला विचारलं, काढलेलं सगळं कुठे ठेवलं. टाकून दिलं, ते म्हणाले. "बरं झालं देवीले आधी दाखवलं," जाऊबाई म्हणाल्या.

वर्षभरात त्या निम्म्या झाल्या. लोक बघायला येत आणि म्हणत, किती छान दिसता, किती हलक्या झालात. सडपातळ असणं हा जणू त्यांनीच लावलेला शोध. मी जन्मभर सडपातळ होते. मला कुणी पेढा दिला नाही. त्यानंतर त्या पहिल्यांदा अमरावतीला आल्या तेव्हा मी बडनेऱ्याला गेले. मी सवयीनं टांग्यात पुढे चढू लागले, तर टांगेवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि कौतुकानं म्हणाला, "माय, आता कुठंबी बसा." त्या मागे बसल्या. दांड्या जागच्या हलल्या नाहीत, घोडा माश्या वारत चालू लागला. त्यांनी शेजारची गादी हातानं चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "मास्तरीन, मले वाटलं टांग्यात कोनी बसलंच नाई." मी पुढून उठून मागे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या थोड्या सरकल्या. सरकायची गरज नव्हती, जागा भरपूर होती.

पुढे काही वर्षांनी बाबा शिकायला अमेरिकेला निघाले. आम्ही त्यांना मुंबईला पोचवायला चाललो होतो आणि गाडी अकोल्याला थांबली. जाऊबाई फलाटावर उभ्या होत्या, हातात पट्टा. बाबांच्या वळकटीला मी स्वतः मोजून दोरी बांधलेली होती. ती त्यांनी सोडून टाकली आणि तिच्याभोवती पट्टा आवळला, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला त्या, दात-ओठ खात, पूर्वी भाऊजी बांधत तसा. "तिकडच्या दोऱ्या कच्च्या असतीन," म्हणाल्या. गाडी सुटली. त्यानंतरच्या थंडीत त्या गेल्या, झोपेत, त्रास न देता. बाबांना येता आलं नाही.

मी त्या वेळी बाबांना स्वतः विणलेला स्वेटर दिला होता. तो कुठे आहे विचारलं की म्हणतात, असेल कुठेतरी. पट्ट्याचं मला विचारावं लागत नाही. तुमच्या गॅरेजात वरच्या फळीवर जुनी वळकटी आहे, मागे आले होते तेव्हा मी पाहून ठेवली आहे. तिच्याभोवती खाकी कॅनव्हासचा रुंद पट्टा आहे, दोन पितळी बकलं, मध्ये बैलाच्या साजाचे चामड्याचे तीन तुकडे. तो काढा. जुना म्हणून टाकू नका. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहा आणि बाबांना सांगा, आमच्याभोवती बांधा. तरी जागा उरेल.